गुलाबाला गोधडी आणि नागवेल उघड्यावर

2018 च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. सकाळी सहाला मागचं दार उघडलं. अंगणातल्या बाराही गुलाबांवर आदल्या रात्री बांधलेली गोणपाटं, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, बुंध्याशी रचलेले मातीचे ढीग, सगळं जागच्या जागी होतं. भिंतीवरचा तापमापक साडेपाच अंश दाखवत होता. वेळेवर झाकले म्हणून मला हायसं वाटलं. मग नजर कुंपणाकडे गेली. शेवग्याच्या खोडावर चढवलेली नागवेल उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. पानं काळपट, ओलसर, खाली लोंबलेली. एका पानाला बोट लावलं तर ते देठासकट हातात आलं.

ती वेल सासूबाईंची होती. नाशिकला तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात मी 1983 साली लग्न होऊन आले, तेव्हाही ती न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर होती. दुपारचं जेवण झालं की सासूबाई मागे जायच्या, दोन पानं खुडायच्या, एक मामंजींना द्यायच्या आणि एक स्वतःला. वाडा विकायचं ठरलं तेव्हा त्या नव्हत्या. भांडीकुंडी वाटली गेली, देव मोठ्या दिरांकडे गेले. मी मागितली ती झाडं: गावठी गुलाबाच्या चार फांद्या, मोगऱ्याचा एक गड्डा आणि नागवेलीची पेरं. 2018 च्या पावसाळ्यात मखमलाबाद रस्त्याच्या पुढे, मळ्यांच्या कडेला आम्ही घर केलं आणि जोत्याचं काम पुरतं वाळायच्या आत मी ती तिन्ही लावली. गंगापूर रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून अकरा कलमी गुलाब आणले. मोगलाईत ह्या गावाला गुलशनाबाद म्हणत, म्हणजे फुलबागांचं गाव. त्या नावाचा मला लहानपणापासून लळा आहे. नोकरीत असताना कुंड्यांपलीकडे काही जमलं नव्हतं, आता जमीन मिळाली होती.

गुलाबांना झाकायची कल्पना लेकीकडून आली. ती अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसला असते. ऑक्टोबरच्या मध्यावर तिनं फोनवर दाखवलं, जावई वाफ्यात कुदळीनं चर खणत होते. गुलाबाच्या सगळ्या फांद्या सुतळीनं एकत्र बांधायच्या, झाडाच्या एका बाजूची माती मोकळी करायची, मुळं न तोडता आख्खं झाड चरात आडवं निजवायचं आणि वरून माती लोटायची. त्यावर पुढे वाळक्या पानांच्या पिशव्या. ह्या पद्धतीला तिकडे मिनेसोटा टिप म्हणतात. हिवाळ्यात तिच्याकडे पारा शून्याखाली पंचवीस-तीस अंश उतरतो, जमीन कमरेइतकी खोल गोठते. कलमी गुलाबाचा नाजूक भाग म्हणजे डोळा भरलेला सांधा. तो मेला की खालचं रानटी खुंट तेवढं जगतं आणि उन्हाळ्यात भलतंच फूल देतं. म्हणून आख्खं झाडच पुरायचं आणि एप्रिलमध्ये पुन्हा उभं करायचं.

माणसांना निजवावं तसं झाडांना निजवलेलं पाहून मी हेलावून गेले. आपली झाडंही लहान आहेत, पहिलाच हिवाळा आहे, बाजूला नाला आहे, रात्री बोचरा गारठा असतो. पुरायची हिंमत झाली नाही, पण बुंध्याशी वीतभर माती चढवली, गोणपाट गुंडाळलं, दव पडू नये म्हणून प्लॅस्टिक लावलं. नागवेलीचा विचार मनात आलाच नाही. ती पस्तीस वर्षं मी पाहत होते. तिला काही होईल असं वाटलंच नाही.

संक्रांतीच्या सुमारास गोणपाटं सोडली तेव्हा गुलाबांचीही अवस्था कळली. प्लॅस्टिकच्या आत पाणी साचून थेंब थेंब झालं होतं. कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरवल्यासारखी पांढरी बुरशी, जिला भुरी म्हणतात, पानं द्रोणासारखी वळलेली, कळ्यांच्या माना पांढऱ्या. तीन झाडांच्या बुंध्याशी ओल्या मातीत साल काळी पडून नखानं निघत होती. दिवसा त्या प्लॅस्टिकखाली चांगलं ऊन तापायचं, रात्री गार व्हायचं, हवा मात्र खेळत नव्हती. भुरीला ह्याहून चांगलं घर मिळालं नसतं. ती तीन झाडं गेली.

शेजारच्या मळ्यातले नाना कुंपणापाशी उभे राहून बघत होते. त्यांची चार एकर द्राक्षं आहेत. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं कमी.

"ताई, गुलाबाला कशाला गोधडी घातली? ह्या थंडीसाठी तर तो वर्षभर वाट पाहतो."

मग नागवेलीकडे बघून म्हणाले, "हिला घालायला पाहिजे होती."

मी काही बोलले नाही. तेच पुढे म्हणाले, "उद्या पहाटे पाचला या मळ्यात. थंडी कशी येते ते दाखवतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि हे, दोघंही स्वेटर-कानटोप्या घालून गेलो. आभाळ निरभ्र, वारा अजिबात नाही. बांधावर जागोजाग शेकोट्या पेटवलेल्या, पण जाळ नव्हता, ओलसर काडीकचऱ्याचा धूर होता. तो धूर मांडवाच्या उंचीवर पांघरुणासारखा पसरून राहिला होता. ठिबक चालू होतं. मी विचारलं, एवढ्या गारठ्यात पाणी कशाला? नानांनी माझा हात नळीखाली धरला. विहिरीचं पाणी कोमट लागलं. भुईतलं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं, आणि ओली जमीन दिवसभराचं ऊन कोरड्या जमिनीपेक्षा जास्त धरून ठेवते, रात्री हळूहळू सोडते. काही ओळींतले घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले होते. थंडीत मणी गुलाबी पडले की निर्यातीचा माल बाद होतो, म्हणून तो कागद. फार गारठलं तर फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात. "थंडीला माल भितो, काडी भीत नाही," नाना म्हणाले.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते त्यांनी मळ्याच्या खालच्या टोकाला नेऊन दाखवलं ते. वरच्या बांधावरून नाल्याकडे चालत गेलो, तर विसेक पावलांत कान झोंबायला लागले. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराला वाहते आणि सखल जागी साचते. माझं अंगण नेमकं त्या उताराच्या तळाशी. त्यात कुंपणाची सिमेंटची सलग भिंत ती हवा पुढे जाऊ देत नव्हती. आणि माझा तापमापक? तो घराच्या भिंतीवर टांगलेला. भिंत दिवसाचं ऊन रात्री परत देते. घरी येऊन तो काढला आणि नागवेलीच्या बुडाशी काठीला, गुडघ्याइतक्या उंचीवर बांधला. दुसऱ्या पहाटे तिथे भिंतीपेक्षा दोन अंश कमी निघाले. निफाडकडच्या गारठ्याच्या बातम्या आपण वाचतो, तिथे पारा कैक वर्षी पाचच्या खाली जातो. आपल्याच अंगणात एक छोटं निफाड असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

परत येताना मला वाड्याची न्हाणी आठवली आणि मी रस्त्यातच थांबले. नागवेल पस्तीस वर्षं जगली ती तिथे. न्हाणीघराच्या मागे तांब्याचा बंब होता. पहाटे चारला सासूबाई तो पेटवायच्या, सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत धूर मागच्या बोळात कोंडलेला असायचा. न्हाणीचं कोमट पाणी मोरीतून थेट त्या वेलीच्या बुडाशी जायचं. भोवती दोन हात जाडीच्या भिंती, वर आभाळाचा एवढासा तुकडा. धूर, कोमट पाणी, आडोसा. नाना चार एकरांवर जे करत होते ते सासूबाईंच्या न्हाणीमागे रोज आपसूक होत होतं. की आपसूक नव्हतं? त्यांनी वेल लावायला नेमकी ती जागा निवडली होती. अंगणात तुळशीपाशी मोकळी जागा असताना त्यांनी तिला अंधाऱ्या बोळात का ठेवलं, हे मी कधी विचारलं नाही.

नागवेलीचे सुकलेले शेंडे मी लगेच कापायला निघाले होते. नानांनी अडवलं. मेलेली पानं खालच्या पेरांना झाकतात, ती असू द्या, थंडी सरल्यावर कापा. बुडाशी पाचट घातलं, पाणी अगदी कमी केलं. मुळं गारठलेली असली की ती पाणी ओढत नाहीत आणि ओल्या मातीत सडतात. पानं गेलेल्या झाडाला आपण काळजीपोटी जास्त पाणी घालतो, तिथे ते दगावतं. वरून एक जुनी सुती साडी टाकली. संक्रांत झाली, दिवस तिळातिळानं वाढायला लागला, दुपारी ऊन चटकायला लागलं. जानेवारीच्या अखेरीस मी साडी काढून घडी घालून ठेवली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी परतली, आणि कशी! 2019 चा तो फेब्रुवारी नाशिककरांना आठवत असेल, निफाडच्या बाजूला दवबिंदू गोठले होते. वेलीच्या दोन पेरांवर मोहरीएवढे हिरवे डोळे दिसायला लागले होते, ते काळे पडले. रथसप्तमी तीनच दिवसांवर होती. आपल्याकडे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, थंडीचा हिशेबही जुन्या बायका तिथवरच धरायच्या. तेव्हापासून माझ्या अंगणातलं पांघरूण रथसप्तमीच्या आधी निघत नाही, दुपारी कितीही ऊन पडो.

खालच्या, मातीलगतच्या एका पेरातून होळीनंतर कोंब आला. तो आला त्या सकाळी मी ह्यांना झोपेतून उठवून दाखवला.

पुढच्या हिवाळ्याची तयारी मी ऑगस्टपासून मनात करत होते, आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. लेकीकडे थंडी आली की गुलाबाच्या बुंध्याशी माती चढवतात. आपल्याकडे थंडी यायच्या तोंडावर गुलाबाच्या बुंध्याची माती काढतात. तिथे झाड झोपवायचं असतं, आणि मधेच एखाद्या उबदार दिवशी जागं होऊ नये म्हणून सारखं गार ठेवायचं असतं. ती पांघरुणं ऊब देण्यासाठी नसतात, हे लेकीनंच नंतर समजावलं. आपल्याकडे नाशिकच्या थंडीत गुलाब आपणहून झोपतच नाही. वर्षभर थोडं थोडं वाढत, थोडं थोडं फुलत दमून जातो. म्हणून पावसाळा सरला की त्याला मुद्दाम आठवडा-दहा दिवस विसावा द्यायचा, ताण द्यायचा. डाळिंबाचा, संत्र्याचा बहार धरताना शेतकरी पाणी तोडून ताण देतात, तेच हे. ताणानंतर खाणंपिणं मिळालं की झाड नव्या दमानं फुटतं आणि ऐन थंडीत, जेव्हा हवा त्याच्या मनासारखी असते, तेव्हा फुलतं.

बेत दसऱ्यानंतर लगेच ताण द्यायचा होता. 2019 चा पाऊस मात्र थांबेना. दिवाळी पावसात गेली. अरबी समुद्रात आधी क्यार आणि मागोमाग महा, अशी दोन वादळं आली आणि नोव्हेंबर उजाडला तरी वाफ्यात चिखल. नानांच्या बागेतले पोंगे, म्हणजे नुकते फुटलेले कोंब, आणि कोवळे घड कुजले. त्यांच्या घरी त्या दिवसांत चूल पेटली तरी कुणी धड जेवत नव्हतं. मी गुलाबांचं बोलायला जाऊ शकले नाही. ओल्या जमिनीत ताण बसत नाही आणि पावसात छाटणी केली तर उघड्या जखमेतून मर शिरते. नाना नसते बोलले तरी एवढं मला कळायला लागलं होतं.

आभाळ स्वच्छ झाल्यावर पाणी पूर्ण बंद केलं. चार दिवसांनी खुरप्यानं प्रत्येक झाडाभोवती हातभर रुंदीचं आळं उकरलं, टीचभर खोल, मोठी मुळं उघडी दिसेपर्यंत. केसासारखी बारीक मुळं तुटली त्याची पर्वा केली नाही, पण करंगळीएवढ्या जाड मुळांना खुरपं लागू दिलं नाही. एका झाडाच्या सांध्याखालून रानटी फूट आली होती, सात-सात पानांची, फिकट, सरळसोट वाढलेली. ती वरून कापली तर पुन्हा दुप्पट येते, म्हणून मुळाशी धरून ओढून काढली. मुळं आठवडाभर उन्हावाऱ्यावर राहिली. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली तेव्हा माझा जीव खालीवर होत होता. चुकून झाडं मारतेय की काय, असं रोज वाटायचं. हे म्हणाले, एक दिवस आणखी थांब. थांबले.

मग छाटणी. द्राक्षाच्या छाटणीची धारदार कात्री नानांच्या सूनबाईंनी दिली. तिला सगळे सिकेटर म्हणतात. वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढल्या. मग प्रत्येक झाडावर चार-पाच दमदार काड्या ठेवून त्या साधारण गुडघ्याएवढ्या उंचीवर कापल्या. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर आणि तिरका, म्हणजे नवी फूट बाहेरच्या बाजूला जाते, मधे हवा खेळते, दवाचं पाणी कापावर थांबत नाही. दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्री डेटॉलच्या फडक्यानं पुसली. कापांवर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, ती नानांकडे बादलीभर तयार असतेच.

सासूबाईंच्या गावठी गुलाबाला मात्र हे काही केलं नाही. तो कलमी नाही, स्वतःच्या मुळांवर उभा आहे, आणि फुलतो जुन्या काडीवर. त्याची फक्त वाळकी काटकी काढली. सगळ्या गुलाबांना एकच कात्री लावायची चूक पुष्कळ लोक करतात आणि मग गावठी फुलतच नाही म्हणून उपटून टाकतात. कृपा करून असं करू नका.

त्याच संध्याकाळी आळी भरली: निम्मी उकरलेली माती, निम्मं जुनं कुजलेलं शेणखत, झाडामागे दोन मुठी निंबोळी पेंड, एक मूठ हाडांचा चुरा. मग पोटभर पाणी. दहाव्या दिवशी काड्यांवर लालसर डोळे फुगले. तो लाल रंग मी फोटोत कधी पकडू शकले नाही. पहाटेच्या उन्हात ती कोवळी फूट अगदी तांब्याची वाटते.

भुरी दुसऱ्या वर्षीही आलीच. दिवसा ऊबदार, रात्री गार, सकाळी दमट, अशा हवेत ती येतेच, गुलाबावर आणि द्राक्षावरही. पहिल्यांदा मी निंबोळी तेल फवारलं, लिटरला पाच मिली, सोबत साबणाचे थेंब. चार दिवसांनी फरक दिसेना म्हणून पाण्यात विरघळणारं गंधक फवारलं, लिटरला दोन ग्रॅम. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. औषधं दोन्ही बरोबर होती, पण तेलाचा थर पानावर असताना गंधक मारायचं नसतं, मधे किमान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. आता मी सुरुवातीला नुसतं आंबट ताक पाण्यात पातळ करून आठवड्याला एकदा मारते, रोगट पानं खुडून जाळते, आणि तरी वाढली तरच गंधक, तेही सकाळच्या गारव्यात. पाणी सकाळी नऊनंतर आणि फक्त बुडाशी. संध्याकाळी झारीनं झाडावरून पाणी घालण्याची सवय मोडायला मला सगळ्यात वेळ लागला.

छाटणीपासून अठ्ठेचाळिसाव्या दिवशी पहिलं फूल उमललं. ग्लॅडिएटर जातीचं, गडद गुलाबी-लाल, तळहाताएवढं. पारा त्या पहाटे आठवर होता आणि फुलावर दव. थंडीत गुलाब सावकाश उमलतो, म्हणून पाकळी जाड होते, रंग गडद येतो आणि फूल झाडावर आठवडाभर टिकतं. एप्रिलमध्ये तेच झाड दीड दिवसात वाटीएवढं फूल उघडून टाकतं. जानोरी-मोहाडीकडे पॉलिहाऊसमधले गुलाब फेब्रुवारीसाठी तयार करतात, तेव्हा ह्याच हवेचं गणित असतं.

गुलाबाचं एवढंच. राहिली ती गरम मुलखातली झाडं, आणि खरं जपणं त्यांचं आहे. बहुतेकांना दहा अंशांच्या खाली त्रास व्हायला लागतो. बर्फ पडायलाच हवा असं नाही.

नागवेलीला आता घराच्या पूर्वेच्या भिंतीलगत आणलंय. न्हाणीघर तिथेच काढायचं मी ह्यांच्याकडून मागून घेतलं होतं, आणि सोलरच्या नळीतून पहिलं निघणारं कोमट पाणी बादलीत धरून तिच्या बुडाशी घालते. नोव्हेंबरच्या शेवटी चार बांबू रोवून सांगाडा उभा करते. संध्याकाळी सूर्य कलला की त्यावर दोन जुन्या सुती साड्या. साडी थेट पानांवर टाकायची नाही, जिथे कापड चिकटतं तिथे दवानं ओलं होऊन पान गारठतं. कडा जमिनीपर्यंत सोडून विटा ठेवायच्या, कारण ऊब जमिनीतून वर येते आणि ती कोंडायची असते. वरून छत्रीसारखं टांगलं आणि खालून उघडं ठेवलं, तर उपयोग फारसा नाही. सकाळी ऊन आलं की साडी काढायचीच. आळसानं दिवसभर तशीच ठेवलेली साडी भुरी आणि बुरशी घेऊन येते. प्लॅस्टिक मी पुन्हा वापरलेलं नाही.

ढगाळ रात्री झाकायची गरज पडत नाही, ढगच पांघरूण असतात. पण तेव्हा मावा आणि फुलकिडे येतात, पानं उलटून पाहावी लागतात. 2023 च्या नोव्हेंबरअखेर गारपीट झाली त्या दिवशी मात्र सगळं झाकायलाही वेळ मिळाला नाही. गुलाबाच्या कोवळ्या काड्या चिरल्या आणि नानांची बाग पुन्हा झोडपली गेली.

मोगऱ्याचं उलटं. त्याला हिवाळ्यात जागं करू नये. डिसेंबरात पाणी तोडते, खत देत नाही. पानं निस्तेज होतात, गळतात, ती गळू द्यावीत. माझी एक मैत्रीण त्याच काळात त्याला खतामागून खत घालत होती आणि पानं का पिवळी म्हणून हैराण होती. जानेवारीच्या शेवटी छाटणी, शेणखत, मग पाणी, आणि गुढीपाडव्याच्या आसपास कळ्या. अडेनियमला दोन-अडीच महिने पाण्याचा थेंब देत नाही. कढीपत्ता पिवळा पडतो, घाबरायचं नाही, फक्त मुळाशी पाचट. जास्वंदीच्या कळ्या गळतात, आणि तिच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण दडून बसतो, तो कापसाच्या बोळ्यानं पुसून काढते.

तुळस मात्र दर हिवाळ्यात काळजी लावते. तुळशीचं लग्न लागतं तेव्हा ती मंजिऱ्यांनी लदलेली असते. मंजिरी पिकू दिली की झाड बी धरून थकतं, त्यात थंडी, आणि मार्गशीर्षात काड्या उरतात. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी मी सगळ्या मंजिऱ्या खुडते. बी डबीत ठेवते. वृंदावन उत्तरेच्या वाऱ्यात होतं, ते दोन वर्षांपूर्वी दक्षिणेच्या ओट्यावर आणलं. रात्री तिला मामंजींच्या जुन्या उपरण्याची झूल असते.

लेकीला मी फोटो पाठवते, ती मला. डिसेंबरात तिच्या अंगणात बर्फाचा उंचवटा आणि त्यावर खुणेची काठी, गुलाब पुरलेले असतात त्याची जागा. माझ्या अंगणात त्याच दिवशी फुलं. एप्रिलमध्ये जावई माती उकरून काड्या उभ्या करतात, बोटानं साल खरवडून आत हिरवं आहे का बघतात, आणि माझे गुलाब तेव्हा उन्हानं कोमेजून शेडनेटखाली असतात.

यंदाच्या रथसप्तमीला साड्या काढल्या, धुतल्या, दोरीवर वाळत घातल्या. सासूबाईंच्या गुलाबावर बारीक कळ्यांचे घोस होते, गुलकंदापुरत्या पाकळ्या होळीपर्यंत निघतील. नागवेल बांबूच्या वर चढली आहे. आत्ता आत्ता तिच्या पानाला वाड्यातला तो तिखट वास यायला लागलाय. दुपारी जेवणं झाल्यावर मागे गेले, दोन पानं खुडली, चुना लावला. एक ह्यांना दिलं.